जवसाचा बिशप

नवी बॅट आणली की लगेच मैदानात न्यायची नसते. आधी तिला तेल पाजायचं. बोरिवलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर मे महिन्यात हा सोहळा चाले. फडक्यावर चार थेंब घ्यायचे, बॅटच्या पोटाला, कडांना आणि टोकाला चोळायचे, हँडलला मात्र लागू द्यायचं नाही, आणि रात्रभर बॅट आडवी झोपवून ठेवायची. खेळाच्या सामानाचा दुकानदार बजावून सांगे, "खोबरेल लावू नकोस रे बाबा, लिनसीडच लाव." का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

खाली घरात आजी जवसाची चटणी कुटत असे. भाजलेलं जवस, लसूण, लाल तिखट, मीठ. ती विदर्भातली, तिला या चटणीवाचून जेवण जात नसे. वर गच्चीवर बॅटला चोपडतो ते आणि खाली खलात कुटलं जातं ते, दोन्ही एकाच बीचं आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेही एका इंग्रज बिशपमुळे.

या बिशपचं नाव रेजिनल्ड हेबर. जन्म १७८३, इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात. ऑक्सफर्डला शिकला, कवी म्हणून नावाजला, खेड्यातल्या चर्चचा धर्मगुरू झाला आणि १८२३ साली कलकत्त्याचा बिशप म्हणून हिंदुस्थानात आला. त्याचं तैलचित्र टॉमस फिलिप्स या चितारीनं काढलेलं आहे आणि ते ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजात असतं. हा फिलिप्स लंडनमधला बड्या लोकांचा आवडता चितारी होता. अल्बेनियाचा भरजरी पोशाख केलेला बायरन आपण पुस्तकांतून पाहतो, तो त्याचाच. हातात लेखणी घेऊन वर कुठेतरी नजर लावलेला विल्यम ब्लेकही त्याचाच.

हेबरचं हे चित्र मी पाहिलंय ते छापील नकलेत आणि पडद्यावर. पण ते कशाकशाचं बनलंय याचा शोध घेताना मी जो गुंतलो तो अजून बाहेर आलेलो नाही.

त्या काळातल्या इंग्रज बिशपचं कुठलंही तैलचित्र पाहा. आपल्या डोळ्यांना ती सगळी एकसारखीच वाटतात. पार्श्वभूमी तपकिरी काळोखाची. अंगात काळ्या सॅटिनचा बिनबाह्यांचा लांब झगा. त्या झग्याच्या दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेल्या पांढऱ्याशुभ्र बाह्या, मनगटाशी चुण्या घालून आवळलेल्या. गळ्याशी दोन छोट्या पांढऱ्या पट्ट्या. आणि या सगळ्याच्या वर एक चेहरा, जणू मागाहून ठेवल्यासारखा.

त्या बाह्या म्हणजे बिशपची निशाणी. इंग्रजीत 'लॉन स्लीव्ह्ज' हा शब्दप्रयोग नुसता उच्चारला तरी बिशपपद असा अर्थ निघे. हे लॉन म्हणजे हिरवळ नव्हे, अतिशय तलम लिननचं कापड. आत घातलेल्या पांढऱ्या अंगरख्याच्या या बाह्या शतकानुशतकं फुगत फुगत गेल्या, इतक्या की पुढे त्या निराळ्या शिवून काळ्या झग्याला जोडायला लागले. आपल्याकडे पुणेरी पगडीच्या घडीवरून माणूस ओळखत, तसा इंग्लंडात बाह्यांवरून बिशप ओळखत.

लिनन होतं जवसाच्या झाडापासून. काही भागांत आपण त्याला अळशी म्हणतो. कमरेएवढं रोप, निळी फुलं, सकाळी उमलून दुपारपर्यंत पाकळ्या गाळणारी. त्याचं शास्त्रीय नाव लायनम युसिटॅटिसिमम, आणि त्यातल्या दुसऱ्या जीभ वळवणाऱ्या शब्दाचा अर्थ 'अत्यंत उपयोगी'. वनस्पतिशास्त्रज्ञ सहसा इतक्या मोकळेपणानं कौतुक करत नाहीत. आपल्याकडे हे पीक तेलासाठी घेतात, रोप बुटकं आणि फांद्यांचं. युरोपात धाग्यासाठी उंच, सरळ वाढणाऱ्या जाती. खोडाच्या सालीत लांब तंतू असतात. रोपं उपटून पाण्यात किंवा दवात कुजवायची, कुटायची, फणीनं विंचरायची, आणि मग उरतो तो सोनेरी केसांसारखा धागा. इंग्रजीतला 'लाइन' हा शब्दसुद्धा या लिननच्या दोऱ्यातून आलाय, आणि शिंपी कोटाला जे 'लायनिंग' लावतो तेही.

तर बिशपच्या बाह्या जवसाच्या. आता चित्राची मागची बाजू बघा. ज्यावर तो रंगवलाय ते कॅनव्हास कशाचं? लिननचंच. लाकडी चौकटीवर ताणून खिळे मारलेलं, वर सरसाचा हात दिलेलं, त्यावर पांढऱ्या अस्तराचा थर. म्हणजे चितारी लिननवर लिनन रंगवत होता.

आणि रंग? रंगाची पूड कसल्याही दगडाची, मातीची, धातूची असो, ती कशात तरी खलावी लागते. तैलचित्रात ती खलतात जवसाच्या तेलात.

इथे दुकानदाराच्या त्या सूचनेचा उलगडा होतो. खोबरेल तेल ताटलीत ओतून ठेवा. फार तर ते खवट होईल, पण तेलच राहील. जवसाचं तेल ठेवा, आणि काही दिवसांत त्यावर साय धरेल, मग ती साय चिवट होईल, मग कडक. आपण म्हणतो तेल वाळलं. पण कपडे वाळतात तसं ते वाळत नाही. कपड्यातलं पाणी उडून जातं, या तेलातून जवळजवळ काहीच उडत नाही. उलट ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं. तेलाच्या रेणूंची लांब शेपटं एकमेकांना प्राणवायूच्या गाठींनी बांधली जातात, गाठीमागून गाठ, आणि शेवटी सगळ्या थराचं एक जाळं बनतं. वाळताना त्याचं वजन कमी होत नाही, वाढतं! चित्र श्वास घेत घेत घट्ट होतं, असं म्हटलं तर ती केवळ कविकल्पना ठरणार नाही. या क्रियेत उष्णताही निघते. तेलानं भिजलेली फडकी कोपऱ्यात चुरगळून टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. आमच्या गच्चीवरचं ते फडकं आम्ही पाण्याच्या टाकीमागे कोंबून ठेवायचो. आठवलं की आता अंगावर काटा येतो.

हाताला कोरडं लागायला काही दिवस. पण आतल्या आत ही गाठी मारण्याची क्रिया वर्षानुवर्षं चालू राहते. हेबर बोटीत बसून निघून गेला, हिंदुस्थानात पोचला, फिरला, तेव्हाही इंग्लंडात मागे राहिलेला त्याचा रंगवलेला चेहरा वाळतच होता.

या तेलाला खोड्याही आहेत. अंधाऱ्या जागी ठेवलं की ते पिवळटतं, उजेडात आणलं की ती पिवळी झाक बरीचशी उतरते. म्हणून पांढऱ्या रंगासाठी काही ठिकाणी जवसाऐवजी करडईचं तेल वापरतात, ते कमी पिवळं पडतं. सोलापूरकडच्या वाचकांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

बाह्यांचा पांढरा रंग त्या काळात एकच, सफेदा. शिशाचा. विषारी, पण चिताऱ्याचा लाडका, कारण तो तेलात लवकर वाळतो आणि त्याचा थर लवचीक आणि टिकाऊ होतो. पण काळ्या सॅटिनची गंमत जास्त आहे. सॅटिन काळं दिसतं ते त्यावरच्या उजेडामुळे. नुसता काळा फासला तर झग्याच्या जागी भोक पडल्यासारखं दिसेल. म्हणून घडीच्या कण्यावर निळसर करडी रेघ, तिच्या शेजारी तपकिरी, मध्येच बाह्यांचा पांढरा उजेड परतून आलेला, आणि खऱ्या काळ्याला जागा उरते ती फक्त खोल चुणीत. तो काळाही बहुधा हस्तिदंत जाळून केलेला. जवळून पाहिलं तर नुसते फटकारे, चार पावलं मागे सरकलं की कापड सळसळतं. हे कसब शिकवता येतं, पण पाहणाऱ्याचा डोळा ते का मान्य करतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आता हा माणूस आपल्या बाजूला कसा आला ते पाहू.

हेबरचा कारभार केवढा होता ते आधी ऐका. कलकत्त्याच्या बिशपच्या हाताखाली अख्खा हिंदुस्थान होता, श्रीलंका होती, आणि ऑस्ट्रेलियातली न्यू साउथ वेल्सची वसाहतसुद्धा होती! म्हणजे अँग्लिकन चर्चच्या कागदोपत्री साष्टी बेट आणि सिडनी एकाच माणसाच्या अखत्यारीत. मुंबईला स्वतःचा बिशप मिळायला १८३७ साल उजाडलं. तो टॉमस कार, आणि तेव्हापासून फोर्टातलं सेंट टॉमस चर्च कॅथीड्रल झालं.

जून १८२४ मध्ये हेबर कलकत्त्याहून निघाला. गंगेतून होडीनं ढाका, काशी, मग लखनौ, अल्मोडा, दिल्ली, आग्रा, जयपूर, अजमेर, बडोदा, सुरत. मुंबईला पोचला तो एप्रिल १८२५ मध्ये. दहा महिने. वाटेत तो रोजनिशी लिहीत होता आणि रेखाटनंही करत होता. त्याच्या पश्चात बायकोनं, अमेलियानं, ही रोजनिशी १८२८ साली प्रसिद्ध केली आणि तिच्यामुळेच हेबर आज आपल्याला एवढा ओळखीचा आहे. तैलचित्रातला बिशप गप्प बसतो. रोजनिशीतला मात्र उकाड्यानं हैराण होतो, चुकतो, स्वतःवर हसतो.

मुंबईला येण्याआधी, मार्च १८२५ मध्ये नडियादला त्याची एक भेट झाली. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या कितीतरी गुजराती घरांत जे नाव रोज घेतलं जातं त्या सहजानंद स्वामींशी, म्हणजे स्वामिनारायणांशी. स्वामी आले ते सुमारे दोनशे घोडेस्वारांसह. हेबरबरोबरही सरकारनं दिलेले हत्यारबंद शिपाई होते. दोन धर्मगुरू आणि दोन्हीकडे भाले-बंदुका, हा देखावा हेबरलाच ओशाळवाणा वाटला, आणि तसं त्यानं लिहूनही ठेवलं. पण आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. बोलता बोलता देवाचा विषय निघाला आणि स्वामींच्या बाजूनं एक चित्र पुढे आलं. मोठं, भडक रंगांचं. मध्ये एक पुरुष, चेहऱ्यातून सूर्यासारखे किरण निघताहेत, दोन बाजूंना दोन स्त्रिया वारा घालताहेत. बिशपला ते उमगलं नाही. त्यानं रंग पाहिले, अंगावर कपडे नाहीत हे पाहिलं, बायका मोजल्या. ज्याला या चित्रातली खूण ठाऊक आहे त्याचे हात आपोआप जोडले गेले असते. ज्याला ती ठाऊक नाही त्याच्यापुढे ते फक्त एक विचित्र चित्र राहिलं.

फिलिप्सचं चित्र त्या दिवशी नडियादला असतं तर स्वामींच्या मंडळींनी काय पाहिलं असतं? फुगीर बाह्यांचा एक गोरा माणूस. बस्स.

मुंबईत गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. दोघांचं चांगलं जमलं. हेबर एलिफंटाला गेला आणि साष्टीतही फिरला. आज जिथे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली आहेत, ती त्या काळची साष्टी म्हणजे भातखाचरं, ताडाची झाडं, मिठागरं आणि मध्ये डोंगरांचं दाट जंगल. रेल्वे यायला अजून २८ वर्षं होती. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, म्हणजे तेव्हा ते दोन्ही नव्हते. मुंबईहून साष्टीत जायला शीवहून कुर्ल्याला जाणारा डंकनसाहेबाचा बांध तेवढा होता, १८०५ च्या सुमाराचा. माहीमचा बांध हेबर येऊन गेल्यावर वीस वर्षांनी झाला.

या डोंगरातल्या कोळसा पाडणाऱ्या आदिवासींबद्दल हेबरनं एक विलक्षण नोंद केली आहे. ते लोक कोळशाचे ढीग ठरलेल्या जागी आणून ठेवत आणि निघून जात. मग सपाटीवरचे लोक येत, कोळसा उचलत आणि त्या जागी ठरल्याप्रमाणे तांदूळ, कापड, लोखंडी अवजारं ठेवून जात. तोंडओळखही नाही, भावाची घासाघीस नाही. हा व्यवहार कुठे, तर आजच्या लोकल गाडीपासून हाकेच्या अंतरावर!

आणि मग कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून बस सुटते, कान्हेरीच्या पायथ्याशी सोडते. शंभराहून अधिक लेणी आहेत, पण पाय पहिल्यांदा थांबतात ते तीन नंबरच्या चैत्यगृहापाशी. आवारात खांब, व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन उंच उभे बुद्ध, सात मीटरच्या आसपास, आणि आत शिरण्याआधी एक दगडी भिंत. त्या भिंतीवर जोडपी कोरलेली आहेत. पुरुष आणि स्त्री, पुरुष आणि स्त्री. डोक्यावर भरगच्च फेटे, कानांत जड कुंडलं, पायांत वाळे, अंगावर कापड असून नसल्यासारखं. उभी राहण्याची ढब अशी की आत्ता कुणी तरी हाक मारली म्हणून वळली असावीत.

हेबरला लेणी मनापासून आवडली. चैत्यगृहाची भव्यता त्यानं मोकळेपणानं वाखाणली आणि इथे ख्रिस्ती उपासना फार छान होईल असंही नोंदवलं. ते सोळाव्या शतकात होऊन गेलेलंच होतं, पोर्तुगीज पाद्र्यांनी याच चैत्याला चर्च केलं होतं. पण त्या जोडप्यांसमोर बिशप पुन्हा चुकला. कोरीवकाम जिवंत आहे, उघडी अंगं असूनही त्यात अश्लील काही नाही, इतकं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, आणि हे बहुधा नाचणारे असावेत असा तर्क केला.

ते नाचणारे नव्हते. अभ्यासक त्यांना दानकर्ती जोडपी म्हणतात, दान देणाऱ्या गृहस्थांची प्रतिमा. चैत्यगृहाचा लेख सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळाचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा, आणि त्यात दान देणारे दोन व्यापारी भाऊ आहेत. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी पुन्हा पुन्हा भेटतात. ज्यांनी खर्च केला त्यांच्या वर्गाची ही सन्मानचित्रं आहेत, अंगावर प्रतिष्ठेच्या सगळ्या खुणा घालून उभी असलेली. फेटा केवढा, वाळे किती, हे त्या काळच्या माणसाला एका नजरेत कळत असणार, जसं लंडनच्या माणसाला बाह्यांवरून कळे.

हेबरला दोष देण्यात अर्थ नाही. लेख तिथेच होते, पण ती ब्राह्मी लिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपनं ती उलगडली १८३७ मध्ये, हेबर येऊन गेल्यावर बारा वर्षांनी. म्हणजे सन्मानानं रंगवून घेतलेला एक माणूस, सन्मानानं कोरून घेतलेल्या माणसांसमोर उभा होता, मध्ये न वाचता येणाऱ्या ओळी होत्या, आणि त्याला वाटलं, नाच चाललाय.

कान्हेरीला मी शेवटचा गेलो तेव्हा मुद्दाम या भिंतीसमोर बराच वेळ काढला. मला फेट्यांचे प्रकार ओळखता येतात का? नाही. कुठलं कुंडल श्रीमंताचं आणि कुठलं बेताच्या माणसाचं? तेही नाही. मला फलक वाचता येतो एवढाच माझा आणि बिशपचा फरक.

तैलचित्र एकच असतं आणि ते एकाच भिंतीवर टांगलेलं असतं. मग दूरच्या लोकांनी बिशप पाहायचा कसा? त्यासाठी मेझोटिंट. फिलिप्सच्या चित्रावरून सॅम्युएल रेनल्ड्स या खोदकारानं ते केलं. ही पद्धत इतर खोदकामाच्या अगदी उलटी आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा आणि दातेरी धारेच्या गोलसर अवजारानं तो सगळ्या दिशांनी टोचून खरबरीत करायचा. खरबरीत पृष्ठभाग शाई धरून ठेवतो, त्यामुळे या टप्प्यावर पत्र्यावरून छापलं तर मखमली काळोख उमटतो. मग खोदकार त्या काळोखातून उजेड खरवडून काढतो. जितकं घासून गुळगुळीत करावं तितकं ते छापल्यावर पांढरं. काळा झगा म्हणजे जवळपास जसाचा तसा सोडलेला पत्रा, आणि बाह्या म्हणजे घासून घासून बोटं दुखवलेली जागा. बिशप मंडळींना हे तंत्र जणू मापानं शिवलेलं होतं.

शाई कशाची? काजळी, आणि आटवलेलं जवसाचं तेल. कागद कशाचा? त्या काळी कागद चिंध्यांचा होई, त्यांत लिननच्या चिंध्या असत. कुणाच्या तरी जुन्या सदऱ्यावर बिशपचा चेहरा.

हा धागा पुन्हा उपनगरात येऊन पोचतो. तैलचित्र लोकांच्या घरात न्यायचं हेच वेड पुढे राजा रविवर्म्यानं घेतलं. १८९४ साली मुंबईत निघालेला त्याचा छापखाना काही काळ घाटकोपरला होता. बव्हेरियाहून आणलेले चुनखडीचे गुळगुळीत दगड, जर्मन कारागीर आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दगडावर तेलकट खडूनं काढायचं, दगड ओला करायचा, आणि शाई फिरवायची. तेलकट जागी शाई बसते, ओल्या जागी बसत नाही. तेल आणि पाण्याच्या या जुन्या भांडणावर लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोचल्या. त्या शाईतही जवसाचंच तेल. तैलचित्राचा भास टिकावा म्हणून वर चकाकी चढवत, आणि काही घरांत तर त्या चित्रांवर खऱ्या जरीच्या साड्या नि टिकल्या चिकटवत. नडियादला चित्र पाहून गोंधळलेल्या बिशपला हे दाखवायला हवं होतं.

१८९९ मध्ये छापखाना घाटकोपर सोडून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कार्ल्याच्या डोंगराच्या समोर. हेबरही १८२५ च्या पावसाळ्यात पुण्याकडे जाताना कार्ल्याचं चैत्यगृह पाहून गेला होता.

पावसाळ्यावरून आठवलं. तैलचित्राला आपली हवा मानवत नाही. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की लिननचे धागे फुगून कापड आखडतं, सरसाचा थर मऊ पडतो, आणि वर दोनशे वर्षांचा कडक झालेला रंग बसलेला, त्याला ना आखडता येतं ना सैल होता येतं. तो सुटतो, भेगाळतो, पापुद्रे धरतो. मागून बुरशी. जुलैत आपल्याकडे ८० टक्के म्हणजे कोरडा दिवस. संग्रहालयातल्या चित्रांच्या खोल्यांत वातानुकूलन असतं ते आपल्याला गार वाटावं म्हणून नसतं. दुसरीकडे दगडाची जोडपी अठराशे पावसाळे खात उभी आहेत. नाकं झिजली, हात तुटले, ढब तशीच.

हेबर ऑगस्ट १८२५ मध्ये जहाजानं श्रीलंकेकडे निघाला. त्याच वर्षी, मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात त्यानं सेंट जेम्स चर्चचं पवित्रीकरण केलं होतं. ते चर्च अजून आहे. ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीत, सकाळची उपासना आटोपून तो स्नानाच्या कुंडात उतरला आणि जिवंत बाहेर आला नाही. वय ४२. मग पुतळ्यांची रांग लागली. शिल्पकार चँट्री यानं घडवलेला हेबर कलकत्त्यात आहे, मद्रासेत आहे, लंडनच्या सेंट पॉल्समध्ये आहे.

त्याची एक प्रार्थनागीतातली ओळ मात्र त्याच्या पुतळ्यांपेक्षा जास्त फिरली. श्रीलंका पाहण्याच्या कितीतरी आधी, १८१९ साली, वेल्समध्ये बसून त्यानं तिथला निसर्ग सुंदर आणि माणूस तेवढा हीन, अशा अर्थाचं लिहिलं होतं. १९२५ च्या जुलैत कलकत्त्यात मिशनऱ्यांसमोर बोलताना गांधीजींनी बिशप हेबरचं नाव घेऊन त्या ओळीवर बोट ठेवलं. आपल्याला असा अनुभव नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तेव्हा हेबर कान्हेरीला येऊन गेल्याला बरोबर १०० वर्षं झाली होती.

माझ्या पुतण्यानं परवा नवी बॅट आणली. मी त्याला तेलाची बाटली दिली, आणि जवस, बिशप, बाह्या, घाटकोपरचा छापखाना असं सगळं सांगायला लागलो. त्यानं थोडं ऐकलं. मग म्हणाला, "काका, हँडलला लागलं का तेल, बघा जरा." लागलं होतं.